डोळ्यांजवळच्या सुरकुत्या आणि एक ट्यूब

भाचीच्या लग्नाचे फोटो आले. सगळे ‘छान, छान’ म्हणत होते आणि मी मात्र मोबाइलवर आपलाच चेहरा मोठा करून बघत बसले. डोळ्यांच्या कोपऱ्यांत ही दाट जाळी! इंग्रजीत या सुरकुत्यांना कावळ्याचे पाय म्हणतात. माझ्याकडे तर कावळ्यांची शाळाच भरली होती. त्यातही डाव्या डोळ्याकडे पटसंख्या जास्त!

वय सत्तरीच्या पुढे. या वयात सुरकुत्यांची काळजी करते म्हटल्यावर लोक हसतील, म्हणून कोणाला काही बोलले नाही. पुढचा सगळा घोळ त्या न बोलण्यामुळेच झाला.

इथे समुद्रपूरच्याच एका दुकानातून गुपचूप एक ट्यूब आणली. दुकानदार माझाच जुना विद्यार्थी. "मॅडम, आठ दिवसांत फरक दिसेल," म्हणाला. विश्वास बसला. रोज रात्री पापण्यांपर्यंत चोळायची. आणि खरंच, पंधरा दिवसांत कातडी नितळ दिसायला लागली. मी खूश! दोन महिने लावली.

मग नागपूरहून लेक आली. तिने ट्यूब उचलली, त्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि ओरडलीच, "आई, अगं हे स्टेरॉइड आहे!" दुसऱ्याच दिवशी मला सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात घेऊन गेली. तपासलं तर डोळ्यांतला दाब वाढलेला.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. स्टेरॉइडचं मलम सुरुवातीला चेहरा उजळवतं, पण पुढे कातडी आणखी पातळ करतं. डोळ्यांजवळ बरेच दिवस लावलं तर आतला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. हा काचबिंदू बहुतेकदा दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेने कमी होत जाते आणि गेलेली नजर परत येत नाही. अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम सरकारने २०१८ सालीच केला आहे. मी चिठ्ठी आणली नाही, त्याने मागितली नाही. चूक दोघांची.

माझं नशीब चांगलं. ट्यूब बंद केल्यावर दाब उतरला. पण ते काही आठवडे कसे गेले, माझं मला माहीत. वाचणं सुटलं तर माझ्याजवळ उरतं काय?

तेव्हा कुठे धीर करून विचारलं, "मग सुरकुत्यांचं काय?" कोणी हसलं नाही हो! त्वचेच्या विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी उलट मलाच विचारलं, "आजी, शाळेत कशा जायच्या?" म्हटलं, एस.टी.ने. समुद्रपूर ते हिंगणघाट, बावीस वर्षं. जाताना-येताना डावीकडची खिडकी ठरलेली. त्या म्हणाल्या, "मग उत्तर तिथेच आहे."

२०१२ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एका ट्रकचालकाचा फोटो आला होता. अठ्ठावीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. खिडकीकडचा डावा गाल उजव्यापेक्षा कितीतरी अधिक सुरकुतलेला. उन्हातल्या अतिनील किरणांचा एक प्रकार काचेतूनही आत येतो आणि कातडीला ताण देणारं कोलॅजन मोडतो. डोळ्यांभोवतीची कातडी सगळ्यात पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. ती आधी हार मानते. त्यात आपलं वैदर्भी ऊन!

शस्त्रक्रियेशिवाय काय करता येतं, तेही त्यांनी सांगितलं. घराबाहेर पडताना एस.पी.एफ. ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन, काळा चष्मा, डोक्यावर दुपट्टा. चष्म्याचा नंबर बरोबर हवा, म्हणजे डोळे बारीक करून बघावं लागत नाही. तोंड धुतल्यावर साधं मॉइश्चरायझर. रेटिनॉइडचं मलम असतं, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, रात्री, अगदी थोडं, पापण्यांपासून दूर लावायचं. ते चुरचुरतं आणि फरक दिसायला महिने लागतात. बोटॉक्सची सुई घेतली तर परिणाम तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा घ्या. ती मी नको म्हटलं.

वर्ष झालं. बारीक रेषा थोड्या मऊ झाल्यात, खोल आहेत तशाच आहेत. पण आता त्या डाव्या बाजूकडे बघितलं की खिडकीतली कपाशीची शेतं आठवतात. असो.

सुंदर दिसावंसं वाटणं यात काही वाईट नाही, कोणत्याही वयात. लाजून गुपचूप करणं वाईट. ‘समजलं नाही तर हात वर करून विचारा,’ असं मी पोरांना जन्मभर सांगितलं. स्वतःची वेळ आली तेव्हा मागच्या बाकावर लपून बसले. तुम्ही तसं करू नका. आणि हो, घरातल्या ट्यूबांवरची बारीक अक्षरं आजच वाचा.