बोट घाट चढली

बोट पाण्यातून नेणे सोपे, रस्त्यावरून नेणे अवघड. हे शहाणपण आम्हाला 2024 च्या ऑक्टोबरात आले. तोवर आमचा समज असा की, ट्रक आहे, दोरखंड आहे, चार माणसे आहेत, मग अडचण कसली? ज्या भगिनींनी घर बदलताना लोखंडी कपाट टेंपोत चढवले असेल त्यांना थोडी कल्पना येईल. पण कपाटाला पोचा पडला तरी कपडे ठेवता येतात. बोटीच्या बुडाला बारीक तडा गेला आणि तो दिसला नाही, तर त्यात माणसे बसायची असतात.

आम्ही उरणचे. तिघे भाऊ, घरातल्या बायका आणि आमचे अण्णा. अण्णांची हयात गोदीत फिटर म्हणून गेली. आता नजर अधू झाली आहे, पण हात लावून यंत्राची नाडी ओळखतात. आमचे चुलतबंधू बापूदादा इंदापूर तालुक्यात उजनीच्या काठाला राहतात. 1980 साली धरण पूर्ण झाले, भीमेचे पाणी पसरले आणि समोर दिसणारे गाव रस्त्याने कुठल्या कुठे गेले. तेव्हापासून पलीकडे जायचे ते होडीने. 21 मे 2024 रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. त्या रात्री बापूदादांच्या घरी चूल पेटली नाही. वहिनींनी तेव्हाच सांगून टाकले, आपली जुनी होडी आता माणसांसाठी सोडायची नाही. बचतगटाचे कर्ज आणि त्यांच्या हातच्या दोन पाटल्या, एवढ्यावर करंजाला एक जुनी फायबरची बोट ठरली. अठरा फूट लांब, सहा फूट रुंद, चाळीस अश्वशक्तीचे इंजिन. ती उजनीला पोचवायचे काम आमच्याकडे आले.

अण्णांनी खाटेवर बसून हुकूम सोडायला सुरुवात केली. पहिले, इंजिन गोड्या पाण्यावर चालवून धुवायचे. खारे पाणी आतल्या नळ्यांत राहिले तर ते धातू खाते. मग कार्बोरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत चालवायचे आणि टाकी रिकामी करायची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती वर उडून जात नाही, बुडाशी साचून राहते. तिथे एक ठिणगी पुरे. म्हणून बॅटरीची काळी तार आधी सोडायची, लाल नंतर. धाकट्याने उलटे केले आणि अण्णांचा जो आवाज चढला, तो शेजारी ऐकू गेला.

इंजिन सत्तर किलोंच्या वर भरले. ते बोटीच्या मागच्या फळीवर तसेच लटकत ठेवले तर प्रत्येक खड्ड्याला फळीला हिसका बसतो, म्हणून उतरवले. उतरवल्यावर लगेच आडवे करायचे नाही. आधी उभे धरून सगळे पाणी खाली निथळू द्यायचे, नाहीतर ते उलटे सिलिंडरमध्ये शिरते. आडवे करतानाही डोके वर, पंखा खाली. तान्ह्या मुलाचे डोके धरावे तसे, असे थोरल्या वहिनी म्हणाल्या, आणि ती सूचना आम्हा पुरुषांना अण्णांच्या सगळ्या हुकमांपेक्षा नीट समजली.

बुडाला चिकटलेले शिंपले आणि गाळ खरवडून काढला. खाडीची घाण धरणात कशाला न्यायची? जुने ओरखडे दिसतील असे फोटो काढून ठेवले. बुडाचे बूच काढले. याचे बापूदादांना फार नवल वाटले. पण उघड्या बोटीत घाटातला पाऊस साचला, तर चार बोटे पाणी म्हणजे तीनशे-चारशे किलोंचा जादा बोजा, तोही हेलकावणारा! बूच लाल चिंधीने सुकाणूच्या चाकाला बांधले, म्हणजे पाण्यात सोडताना विसर पडू नये.

खरी कटकट ट्रकवर झाली. बोटीचा भार बुडाच्या मधल्या कण्यावर यायला हवा. बाजूचे टेकू फक्त ती कलंडू नये म्हणून. आम्ही लाकडी ओंडके आडवे टाकले, वर गोणपाट, दोन्ही अंगांना जुने टायर. ड्रायव्हरसाहेबांचे म्हणणे, साखळदंडाने आवळा, हलणार नाही. सळया नेणाऱ्याचा हात तो! आम्ही रुंद पट्टे आणले होते. ते बोटीच्या काठाखाली, जिथे आत आडव्या फळ्या आहेत नेमके तिथेच घेतले आणि मध्ये घरच्या गोधडीचे तुकडे घातले. ताडपत्री टाकली नाही, कारण वाऱ्याने फडफडून ती रंग घासते. ड्रायव्हर हसला. म्हणाला, नवरीला पाठवताय की बोट?

पळस्पे फाट्याला आम्ही गाडी थांबवायला लावली. बोट ओंडक्यांवर बसली होती आणि पट्टे बोटभर सैल झाले होते. ड्रायव्हरने खाली उतरून पट्टा हलवून पाहिला, काही बोलला नाही. पुढे खोपोलीचा घाट चढून लोणावळ्याला परतीचा पाऊस लागला, तेव्हा तो आपणहून थांबला, पट्टे तपासले आणि मागच्या भोकातून पाण्याची धार पडताना पाहत चहा प्यायला.

इतके करूनही चूक झाली, आणि ती आमचीच. सगळे सामान काढले, पण नाळेजवळच्या झाकणाखाली नांगर राहून गेला. पुणे, यवत, भिगवण, एवढी वाट तो आत आदळत आला. उतरवल्यावर पाहतो तर आतल्या बाजूला तळहाताएवढी खोक. बापूदादा नुसते खाली बसले. वहिनी पाटल्या नसलेल्या हातांनी ती जागा चाचपत राहिल्या. अण्णांनीही बोट फिरवले, बाहेरून ठोकून आवाज ऐकला आणि म्हणाले, आरपार नाही. पुण्याहून काचेचे कापड आणि राळ आणली, घासून तीन थर दिले. दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत अण्णा आम्हाला एका शब्दाने बोलले नाहीत. तेच जास्त लागले.

तिसऱ्या दिवशी वहिनींनी स्वतः लाल चिंधी सोडून बूच बसवले, दोनदा पिळून पाहिले. बोट पाण्यात गेली. अर्धा तास कोणी बसले नाही. बुडाशी कोरडे फडके ठेवून सगळे काठावर थांबलो. फडके कोरडेच निघाले. मग वहिनींनी जॅकेटे मोजली. आठ होती. चढायला माणसे उभी दहा. त्यांनी दोघांना मागे ठेवले, त्यातले एक अण्णा.

“दुसऱ्या खेपेला या, अण्णा,” त्या म्हणाल्या. अण्णा निमूटपणे दगडावर जाऊन बसले.