लॉर्ड्सच्या पाटीवर आपली माणसं

एवढीशी? ॲशेसची ती जगप्रसिद्ध कुपी जेमतेम चार इंचांची आहे! १८८२-८३च्या दौऱ्यात इंग्लंडचा कर्णधार आयव्हो ब्लायला ऑस्ट्रेलियात भेट मिळालेली ही मातीची कुपी त्याच्या मृत्यूनंतर पत्नीनं एमसीसीला, म्हणजे लॉर्ड्सच्या मालक क्लबला, दिली. इंग्लंड-ऑस्ट्रेलिया मालिका कुणीही जिंको, ती लॉर्ड्सच्या संग्रहालयातच राहते. शाळेत असल्यापासून पेपरात जिच्याबद्दल वाचत आलो, ती आता माझ्यासमोर, मध्ये फक्त काच!

आणि ती चिमणी! १९३६ साली जहांगीर खान यांचा चेंडू लागून मेलेली, पेंढा भरून त्या चेंडूवर बसवलेली. हेच जहांगीर खान १९३२ साली, याच मैदानावर, भारताच्या पहिल्यावहिल्या कसोटीत खेळले होते. कर्णधार सी. के. नायडू, जन्म नागपूरचा. भारताकडून कसोटीतला पहिला चेंडू खेळले ते जनार्दन नवले, आपल्या पुणे जिल्ह्यातल्या फुलगावचे. ती कसोटी सुरू झाली २५ जूनला. १९८३ साली कपिलनं इथेच वर्ल्ड कप उचलला, तोही २५ जूनलाच! दोन्ही तारखा तोंडपाठ होत्या, पण शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिल्या नव्हत्या. अंगावर काटा आला.

मग गाइडनं पॅव्हिलियनमध्ये नेलं. लाँग रूमचा थाट पाहून घेतला, पण माझं सगळं लक्ष जिन्याकडे. वर पाहुण्या संघाची ड्रेसिंग रूम आणि तिथे शतकवीरांची पाटी! वेंगसरकर १९७९. वेंगसरकर १९८२. वेंगसरकर १९८६. लॉर्ड्सवरच्या लागोपाठ तीन कसोटींत तीन शतकं, आणि ती ठोकणारा राजापूरला जन्मलेला आपला कर्नल! खाली या, अजित आगरकर, २००२, नाबाद १०९. ज्या मैदानावर सचिनला कसोटी शतक लाभलं नाही, तिथे आगरकर! आणखी खाली अजिंक्य रहाणे. २०१४ची ती हिरवीगार खेळपट्टी आठवते ना? आजूबाजूच्या गवतात ती शोधावी लागत होती. तिच्यावर डोंबिवलीत वाढलेल्या पोरानं १०३ काढल्या आणि भारत जिंकला.

पण मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो विनू मांकड यांच्या नावाशी. १९५२. पहिल्या डावात ७२, मग ७३ षटकं टाकून पाच बळी, आणि पुन्हा सलामीला येऊन १८४! सामना आपण आठ गड्यांनी हरलो. तरी फलंदाजांच्या पाटीवर मांकड आहेत आणि गोलंदाजांच्या पाटीवरही आहेत. एका माणसानं एका कसोटीत याहून जास्त काय करावं, सांगा बरं!

बाल्कनीत आलो, तर समोर तो उतार! टीव्हीवर मैदान सपाट वाटतं. इथे एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जवळजवळ अडीच मीटरचा फरक आहे. पॅव्हिलियनकडून टाकलेला चेंडू उजव्या हाताच्या फलंदाजासाठी आत का येतो, हे वर्षानुवर्षं समालोचकांकडून ऐकत होतो, इथे ते डोळ्यांना दिसलं.

लंडनला जाणार असाल तर मैदानाच्या टूरचं तिकीट काढाच, म्हणजे संग्रहालयही पाहून होतं. फक्त मोठ्या सामन्याचा दिवस टाळा, तेव्हा टूर नसते. आणि ड्रेसिंग रूममध्ये गाइड पुढे निघाला तरी घाई करू नका, पाटी वरपासून खालपर्यंत वाचा!