बी.कॉम. झालंय? तरी नर्स होता येतं!

हे मला आजवर कुणीच कसं सांगितलं नाही? अमेरिकेत नर्स व्हायचं तर आपली जुनी पदवी वाया जात नाही! विषय कुठलाही असो, पदवी हातात असली की नर्सिंगची ‘ॲक्सिलरेटेड बी.एस.एन.’ ही पदवी करता येते, साधारण ११ ते १८ महिन्यांत. आपल्याकडे बी.एस्सी. नर्सिंग म्हणजे बारावीनंतरची चार वर्षं, हेच डोक्यात पक्कं बसलेलं. आणि इथे सेंट लुईस युनिव्हर्सिटीने असा कोर्स १९७१ मध्येच सुरू केलाय! शेवटी परवान्याची परीक्षाही तीच, एनक्लेक्स-आरएन. चार वर्षं शिकून आलेल्यांना जी, तीच आपल्यालाही.

आधी काही विषय मात्र पूर्ण करावे लागतात: ॲनाटमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, मायक्रोबायोलॉजी, स्टॅटिस्टिक्स, बहुतेक ठिकाणी केमिस्ट्री, न्यूट्रिशन आणि मानवी विकासाचं मानसशास्त्र. विज्ञानाचे विषय पाच-सात वर्षांपेक्षा जुने झालेले अनेक कॉलेजांना चालत नाहीत. पण हे सगळं घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात, संध्याकाळच्या वर्गांना जाऊन करता येतं. तिथेच मी मेंढीचं हृदय उघडून पाहिलं. डाव्या कप्प्यात झडपेला धरून ठेवणारे पांढरे दोरे, शिवणाच्या दोऱ्याइतके बारीक, चिमट्याने ओढले तरी तुटेनात! रक्त उलटं फिरू नये म्हणून हे दोरे त्या झडपेला आयुष्यभर ताणून धरतात. ताळेबंद जुळवण्यात इतकी वर्षं गेली, पण असा थरार कधी वाटला नव्हता.

अर्जाचं म्हणाल तर बऱ्याच कॉलेजांचा अर्ज ‘नर्सिंगकॅस’ या एकाच पोर्टलवरून जातो. भारतातल्या पदवीसाठी ‘वेस’सारख्या संस्थेकडून मूल्यांकन लागतं, आणि तेही एकेका विषयाचं, ‘कोर्स-बाय-कोर्स’. नुसतं ‘पदवी समकक्ष आहे’ एवढं पुरत नाही. त्यातून जीपीए निघतो, तो निदान ३.० असावा, अशी पुष्कळ ठिकाणी अट. शिवाय कुठे टीज, कुठे हेसी ए२ ही प्रवेशपरीक्षा, शिफारसपत्रं आणि ‘नर्सच का?’ याचं उत्तर देणारा निबंध. हा निबंध लिहिताना मला शब्द शोधावेच लागले नाहीत. आजीच्या आजारपणात रात्री-अपरात्री तिची कूस बदलून पाठ तपासणाऱ्या सिस्टर मी पाहिल्यात. बेडसोर होऊ नये म्हणून ती धडपड होती, हे आता पुस्तकात वाचताना नीट कळतंय.

कोर्स दमवणारा आहे. क्लिनिकल, म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रत्यक्ष प्रशिक्षण, सुरू झालं की नोकरी सांभाळणं जवळजवळ अशक्य, आणि फीही भरपूर. तरीही ज्यांच्या मनात हे कुठेतरी आहे, त्यांनी कॉलेजांच्या याद्या नंतर पाहाव्यात, आधी ट्रान्सक्रिप्टसाठी आपल्या विद्यापीठाकडे अर्ज टाकावा. ती थेट तिथूनच मूल्यांकनाला जावी लागते आणि सगळ्यात जास्त वेळ त्यातच जातो. आजच टाका!