उन्हाळ्यातला मिक्सर

12 मार्च, जाम
मृग बहाराची संत्री संपत आली. नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्याला चंद्रपूरचा रस्ता जिथे फुटतो, त्या आमच्या चौकात गाडीवर शेवटचे ढीग लागलेत. साल सैल झालेली, हातात जड लागणारी घेतली. संत्रं मी मिक्सरमध्ये फिरवत नाही. बिया चिरडल्या की रस कडू होतो, आणि थोडा वेळ ठेवला तर जास्तच. हातानं पिळायचं, बिया काढायच्या आणि त्या रसात डाग पडलेलं पिकं केळं फिरवायचं. दूध घालायचं नाही, आंबटानं फाटतं. दाटपणा केळ्यानंच येतो. साखरेचं काम नाही.

9 एप्रिल
भाची पुण्याहून आली. "मावशी, अननस आणि दूध करू या ना!" म्हटलं, कर, पण लगेच पी. कच्च्या अननसात ब्रोमेलिन नावाचं विकर असतं. ते दुधातली प्रथिनं तोडतं, म्हणून असं दूध ठेवलं की कडवट होतं. अननस आधी दोन उकळ्या येईपर्यंत शिजवून गार केला तर ही अडचण राहत नाही, कारण उष्णतेनं विकराचा जोर जातो. शेवटी तिनं शहाळ्याच्या पाण्यात अननस, पपई आणि पुदिन्याची चार पानं फिरवली. वरून चिमूटभर काळं मीठ. दुधापेक्षा हेच सरस, असं माझं ठाम मत आहे.

2 मे
दुपारी वीज गेली ती चार वाजता आली. म्हणून आता सकाळीच फळं चिरून डब्यात घालून फ्रीजरला ठेवते. केळं सोलून, चकत्या सुट्या ठेवून. बर्फ घातला की रस पाणचट होतो. फळंच गोठलेली असली तर चवही राहते आणि गारवाही.

25 मे
आजपासून नवतपा. कूलरही गरम हवा फेकतोय. चौकात आंध्राचा बैगनफल्ली आलाय. सगळीकडून एकसारखा पिवळा, पण देठाशी वास नाही, असा आंबा मी घेत नाही. कार्बाइडनं फळं पिकवायला कायद्यानं बंदी आहे, तरी नाकाला विचारून घेतलेलं बरं. अर्धवट कच्चे आणले आणि तणसात अढी लावली. पिकल्यावर गर, घरचं दही आणि भिजवलेला सब्जा.

सासूबाईंना मधुमेह आहे. त्या म्हणाल्या, "मले साखर नको टाकू वं." साखर नव्हतीच, पण आंब्याची स्वतःची कमी का असते? त्यांना वाटीभर ताक दिलं आणि आंब्याच्या दोन फोडी. फळ चावून खाल्लं की बेतानं खाल्लं जातं, प्यायलं की दोन आंबे कधी गेले कळत नाही. रस गाळायचा नाही तोही याचसाठी: चोथा काढला की नुसतं गोड पाणी उरतं.

8 जून
मृग लागला. ढग आले, पाऊस नाही. गाडीवर कापून ठेवलेल्या पपईवर माश्या बसू लागल्यात. आता पाऊस सुरू होईल. कापलेलं फळ बाहेरून आणू नका. अख्खं आणा, घरी धुवा, घरीच चिरा आणि मिक्सरचं भांडं पात्यासकट लगेच धुऊन ठेवा.