दिसणे आणि उमजणे

लासूर गाव निराळे आणि लासूर स्टेशन निराळे. १९०० च्या सुमारास मनमाडहून निजामाच्या मुलखात मीटरगेज आगगाडी धावू लागली आणि पुढे स्थानकाभोवती पेठ वसत गेली. आज कांद्याच्या आणि कापसाच्या हंगामात तेथे पाय ठेवायला जागा नसते. आजूबाजूच्या वस्त्यांवरील कुटुंबांना भेटी देण्यासाठी आम्ही अधूनमधून या स्थानकावर उतरतो. तेथील रस्त्याच्या कडेला आम्हांला एक धडा मिळाला. तो आमच्या एका चुकीशी जोडलेला असल्यामुळे आधी ती चूक सांगणे क्रमप्राप्त आहे.

पलीकडच्या एका वस्तीवर एक वृद्ध प्रचारक राहतात. सारे त्यांना मास्तर म्हणतात. वय चौऱ्याहत्तर. चाळीस वर्षे त्यांनी मुलांना प्रार्थना शिकवली आणि मिस्सेत पहिले वाचन केले. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या वाचनाची गती मंदावली. ओळ संपली की ते थांबत. पुढच्या ओळीचा आरंभ शोधायला त्यांना वेळ लागे. तरुण मंडळी चुळबुळ करू लागली. आम्ही फारसा विचार न करता वाचकांच्या यादीतून त्यांचे नाव कमी केले आणि म्हणालो, "मास्तर, पुष्कळ केलेत, आता आराम करा." त्यांनी मान हलवली व ते मागच्या रांगेत जाऊन बसले. त्यांना काही वाटले असेल, हे त्या दिवशी आमच्या ध्यानातही आले नाही.

काही महिन्यांनी त्यांच्या सूनबाईंनी त्यांना नेत्रतपासणीसाठी नेले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पूर्वीच झाली होती. डॉक्टरांनी तक्त्यावरची अक्षरे वाचून घेतली आणि नजर उत्तम असल्याचे सांगितले. विस्मरण नव्हते, हातापायांत कंप नव्हता, अन्य कोणता विकारही नव्हता. मग अडत होते कोठे?

त्यानंतर एका सायंकाळी आम्ही दोघे लासूर स्टेशनजवळ रस्ता ओलांडायला उभे होतो. दूरवर एक मोटार दिसत होती. आम्ही म्हणालो, "चला मास्तर, गाडी लांब आहे." ते हलले नाहीत. गाडी निघून गेल्यावर म्हणाले, "फादर, गाडी मला बी दिसती. पण ती किती जोरात येऊ राहिली, हे कळायला मला टाइम लागतो. म्हणून मी थांबतो."

त्या वाक्याने आम्ही ओशाळलो. नेत्रतज्ज्ञाच्या तक्त्याने न दाखवलेली गोष्ट मास्तरांनी दोन वाक्यांत सांगितली होती. तक्त्यावरची अक्षरे काळीभोर असतात, उजेड भरपूर असतो, घाई कोणी करीत नाही. रस्त्यावर आणि वाचनपीठावर या तिन्ही सवलती क्वचितच मिळतात. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे सरकते. याच जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. त्यावर ताशी १२० किलोमीटरची मर्यादा पाळणारी गाडीसुद्धा सेकंदाला ३३ मीटर अंतर कापते. भोवतालच्या जगाचा वेग असा वाढत असताना वृद्धांची पाहण्याची रीत मात्र उलट दिशेने बदलत असते.

हा बदल डोळ्यांपासूनच सुरू होतो. वय वाढते तशी बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर होत जाते. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जितका प्रकाश पोहोचतो, त्याच्या सुमारे एक तृतीयांशच साठीतल्या निरोगी डोळ्यात पोहोचतो, असे एक सर्वमान्य अनुमान आहे. शस्त्रक्रियेने भिंग बदलले, तरी बाहुली लहानच राहते. फिकट अक्षरे, करड्या पायऱ्या, सांजवेळचा रस्ता यांची अडचण होते ती त्यामुळे. दुसरा बदल मेंदूतला. आलेल्या प्रतिमेचा अर्थ लावण्यास अधिक वेळ लागतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टिमथी सॉल्टहाउस यांनी १९९६ मध्ये असे मांडले की, वार्धक्यातील अनेक बौद्धिक अडचणींचे मूळ या मंदावलेल्या गतीत आहे. एका गोष्टीचा उलगडा होईपर्यंत तिच्या आधीची गोष्ट मनातून निसटू लागते, म्हणून दोहोंची सांगड घालणे जड जाते. मास्तर ओळीच्या शेवटी का थांबत, हे आम्हांला येथे उमगले.

वास्तविक दिसणे आणि उमजणे यांत अंतर सर्वांच्याच बाबतीत असते. १७९६ साली इंग्लंडमधील ग्रिनिच वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मास्केलिन यांनी किनब्रुक नावाच्या तरुण साहाय्यकास कामावरून दूर केले. ताऱ्याने दुर्बिणीतील तार ओलांडल्याची वेळ तो मास्केलिन यांच्यापेक्षा सुमारे आठ दशांश सेकंद उशिरा नोंदवीत असे. काही वर्षांनी जर्मन ज्योतिर्विद बेसेल यांनी निरनिराळ्या निरीक्षकांच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि असा फरक निष्णात ज्योतिर्विदांतही पडतो, हे दाखवून दिले. किनब्रुकचा तो हलगर्जीपणा नव्हता. हा वृत्तांत वाचताना आम्हांला आमच्या वाचकांची यादी आठवली आणि त्यातील खोडलेले नावही.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. जर्मनीतील हायडेलबर्गच्या संशोधकांनी २०२२ मध्ये १० लाखांहून अधिक लोकांच्या प्रतिसादांचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाचे उत्तर विशीनंतरच उशिरा येऊ लागते. परंतु साठीपर्यंत त्याचे कारण बहुतांशी वाढलेली सावधगिरी आणि हाताची मंद हालचाल हे असते. विचाराचा वेग खऱ्या अर्थाने घटतो तो साठीनंतर. तात्पर्य, मोठ्या माणसाच्या थांबण्यात वयाचा भाग असतो, तसा चूक होऊ नये या काळजीचाही असतो. मास्तर रस्त्याच्या कडेला थांबत ते शहाणपणाने. देवाच्या शब्दात चूक नको म्हणून ते वाचनपीठावर थांबत. आम्ही मात्र ते सारे दुबळेपणाच्या खात्यावर मांडून मोकळे झालो होतो.

या मंदावलेल्या गतीला सरावाने काही प्रमाणात उजाळा मिळतो. अमेरिकेत ६५ वर्षांवरील २,८०२ व्यक्तींवर झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात झटपट दृश्य ओळखण्याच्या सुमारे १० सत्रांनी त्या विशिष्ट कामात बहुतेकांची स्पष्ट सुधारणा झाली आणि तिचा अंश १० वर्षांनंतरही टिकून होता. पण असे सराववर्ग आपल्या वस्त्यांवर कोठून येणार? आपल्या हाती आहे ते उजेड आणि वेळ देणे.

आम्ही मास्तरांच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. "फादर, आता पोरं वाचतात, बरं वाचतात," एवढेच ते म्हणाले. त्यांनी लगेच होकार दिला नाही आणि आम्हीही आग्रह धरला नाही. परतल्यावर वाचनपीठावर अक्षरांवर थेट प्रकाश पडेल असा दिवा बसवला. वाचने ठसठशीत काळ्या अक्षरांत, चकाकी नसलेल्या कागदावर, ओळींत अंतर सोडून छापून घेतली. ती वाचकाच्या हाती गुरुवारीच पडतील अशी व्यवस्था केली. ओळीखाली धरायला पुठ्ठ्याची पट्टी ठेवली. मंदिराच्या पायऱ्यांच्या कडांना पांढरा रंग दिला. एकूण खर्च सांगण्याजोगाही नव्हता. तो पूर्वीच करण्याची बुद्धी झाली नाही, हे मात्र सांगितले पाहिजे.

बेथसैदा येथील आंधळ्याला प्रभूने दृष्टी दिली ती दोन टप्प्यांत, असे मार्काच्या शुभवर्तमानात आहे. पहिल्या स्पर्शानंतर त्याला माणसे दिसली, पण ती चालत्या झाडांसारखी. प्रभूने त्याला घाई केली नाही. काय दिसते ते विचारले आणि पुन्हा हात ठेवले. हा प्रसंग आम्ही कैक वेळा प्रवचनात सांगितला आहे. त्यातले विचारणे आमच्या लक्षात आले ते आता. मास्तरांना आम्ही आराम करा असे सांगितले. तुम्हांला काय दिसते, कोठे अडते, हे एकदाही विचारले नव्हते.

दोन महिन्यांनी मास्तर आपण होऊन आले आणि येत्या रविवारचे वाचन मागून घेऊन गेले. त्या रविवारी ते ओळीच्या शेवटी पूर्वीसारखेच थांबले. आदल्या रविवारी आम्ही लोकांना या थांबण्याविषयी दोन शब्द सांगितले होते. मागच्या बाकावर कोणी खोकले, इतकेच. मग पुढची ओळ आली, स्पष्ट आणि अचूक.

आमचे वय आता सत्तावन्न. सायंकाळच्या मिस्सेत ग्रंथाचे पान उलटल्यावर नजर ओळीवर स्थिरावण्यास क्षणभर लागतो, हे आम्हांलाही जाणवू लागले आहे. वेदीवरचा दिवा आम्ही गेल्या महिन्यात बदलून घेतला.