शेकडा तीन

गेल्या मे महिन्यातली, म्हणजे २०२५ सालची गोष्ट. आंब्याचे दिवस होते. दुपारची जेवणे आटोपून आई अंगणात आमसुले उन्हात घालीत होती आणि मी पडवीत चटई टाकून परीक्षेनंतरच्या आळसाचा पुरेपूर उपभोग घेत होते. इतक्यात आईचा फोन वाजला. तिचे हात कोकमाच्या रसाने मनगटापर्यंत लाल झालेले, म्हणून तो मी उचलला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता. बाबांचे संपूर्ण नाव, आमच्या गावाचे आणि वाडीचे नाव, त्यांच्या जुन्या पासपोर्टाचा नंबर, सगळे त्याने धडाधड वाचून दाखवले आणि विचारले, "आप कौन? बेटी?"

मी हो म्हटले.

"तो बेटी, पापा को बोलो, दुबई के बँक का एकतालीस हजार दिरहम बाकी है. नहीं भरा तो इंटरपोल आएगा, घर जप्त होगा."

इंटरपोल हा शब्द मी आजवर फक्त सिनेमात ऐकला होता. तो आमच्या दापोली तालुक्यातल्या वाडीपर्यंत, शेणाने सारवलेल्या अंगणापर्यंत येईल असे मला कधी वाटले नव्हते! फोन ठेवल्यावर मी मनाशी गुणाकार केला. दिरहम तेव्हा तेवीस रुपयांच्या वर होता. साडेनऊ लाख. आमचे घर, गोठा आणि मागची दहा गुंठे जमीन विकली तरी एवढे येतील की नाही, शंकाच होती.

संध्याकाळी बाबा आले. ते दापोली-हर्णैकडच्या हॉटेलांतले एसी दुरुस्त करतात. मी त्यांना फोनचे सांगितले. ते काहीच बोलले नाहीत. हातपाय धुतले, चहा घेतला, आणि मग म्हणाले, "लागला म्हणजे सुगावा त्यांना."

एवढ्यावरूनच आईला आणि मला कळले, की गोष्ट खरी आहे.

बाबा २०१२ मध्ये दुबईला गेले ते एसीच्या कामावर हेल्पर म्हणून. पुढे सुपरवायझर झाले, पगार पाच हजार दिरहमांवर गेला. २०१८ मध्ये एका शुक्रवारी (तेव्हा तिथे सुट्टी शुक्रवारची असे) त्यांच्या राहण्याच्या जागी एका बँकेचा टाय लावलेला मुलगा आला आणि त्याने क्रेडिट कार्डाचा फॉर्म पुढे केला. बाबा सातवी शिकलेले. त्यांनी जिथे जिथे फुली मारली होती तिथे तिथे सही केली. एक कोरा चेकही सही करून दिला. "सगळेच देत होते गो बाय," असे त्यांचे म्हणणे. कार्डाची मर्यादा पंधरा हजार दिरहम. पहिली दोन वर्षे त्यांनी महिन्याचे पैसे नेमाने भरले. मग २०२० चा मार्च आला. कोरोनाने कामे बंद पडली. एप्रिलला पगार अर्धा मिळाला, मेपासून तोही नाही.

आणि ३ जूनला इकडे निसर्ग वादळ आले.

त्या दिवसाविषयी मी पूर्वी निबंध लिहिला आहे, शाळेत त्याला बक्षीसही मिळाले होते. त्यात मी वाऱ्याचा आवाज, मोडलेल्या पोफळी, उडालेली कौले असे सगळे वर्णन केले होते. एक गोष्ट त्यात नव्हती, कारण ती मला ठाऊकच नव्हती. चार दिवसांनी लाइन आल्यावर आईने फोनवर रडत रडत सांगितले, की घरावर काही राहिले नाही, कौले मिळत नाहीत, पावसाळा तोंडावर आहे. दुसऱ्या दिवशी बाबांनी ब्याऐंशी हजार रुपये पाठवले. आईला वाटले पगार झाला. त्या पैशांतून चोवीस पत्रे आले, वासे आले, मजुरी गेली. बिनपगारी बाबांनी ते पैसे कुठून आणले हे आम्हां दोघींना पाच वर्षांनी, त्या चहानंतर कळले. कार्ड मशीनमध्ये घालून त्यांनी चार हजार दिरहम रोख काढले होते. त्याआधीचे सुमारे दोन हजार होते. त्यात माझ्या नववीच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला मोबाइल. राहिलेले पाच हजार चारशे म्हणजे चार महिन्यांचे खोलीतल्या खाटेचे भाडे, जेवण आणि परतीचे तिकीट. एकूण अकरा हजार चारशे. कंपनीने नोकरी सुटल्यावर द्यायची रक्कम 'नंतर पाठवू' म्हणून ठेवून घेतली, ती आजतागायत आलेली नाही. ऑगस्टमध्ये वंदे भारतच्या विमानाने बाबा परतले, मुंबईत उतरल्यावर त्यांनी तिकडचे सिमकार्ड काढून टाकले, आणि तो विषय तिथेच संपला असे स्वतःला बजावले.

मला राग आला. खोटे कशाला सांगू? कर्जाचा नव्हे, लपवल्याचा. २०२३ मध्ये चुलतकाकांनी शारजाहून बाबांसाठी व्हिसा पाहिला होता. बाबा नाही म्हणाले. पाठ दुखते, उन्हाळा सोसत नाही, अशी कारणे सांगितली. आजीने तेव्हा त्यांना 'घरकोंबडा' म्हटले होते, आणि मीही मनातल्या मनात आजीचीच बाजू घेतली होती. आता कळले, विमानतळावर पकडतील या भीतीने माणूस गप्प बसला होता. टोमणे खात बसला होता.

"कॉलेजात जातेस ना? मग बघ काय ते," आई म्हणाली.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. त्यामुळे घरात येणारा प्रत्येक कागद, मग तो रेशनचा असो की विजेच्या बिलाचा, माझ्यापुढे येतो. पण त्या रात्री बाबांनी ट्रंकेतून काढून दिलेले ते इंग्रजी कागद मी तीनदा वाचले, आणि प्रामाणिकपणे सांगते, मला ते कळले नाहीत. शब्द कळत होते, वाक्य कळत नव्हते. एकच ओळ कळली. व्याज महिन्याला तीन टक्के.

महिन्याला तीन टक्के! आमच्याकडे याला 'शेकडा तीन' म्हणतात, आणि शेकडा तीनने पैसे देणाऱ्या माणसाला काय म्हणतात तेही सगळ्यांना माहीत आहे. त्यातही इथे न भरलेले व्याज मुद्दलात मिळत जाते. मी वहीत हिशेब मांडला. शंभराचे वर्षाअखेर एकशे बेचाळीस होतात आणि दोन वर्षांत दोनशेच्या वर. वातानुकूलित काचेच्या कचेरीत बसून, गळ्यात टाय लावून घेतले, की शेकडा तीनला सावकारी म्हणत नाहीत, एवढाच काय तो फरक.

याच वर्षी आम्हांला इतिहासाच्या तासाला १८७५ चे दख्खनचे दंगे शिकवले होते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांचा रोख होता तो कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर. ते कागद हाती घेऊन त्यांनी जाळले. पुढे १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांच्या बाजूने कायदा करावा लागला. आपल्याकडचा जुना दामदुपटीचा नियमही सरांनी तेव्हा सांगितला होता. व्याज साचून साचून कितीही झाले, तरी एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज मागायचे नाही. मी हे बाबांना सांगितले तेव्हा ते पहिल्यांदा हसले. "अगो, त्यांचा रोखा कंप्युटरात आहे. जाळणार काय नि कुठे?"

फोन थांबले नाहीत. चुलतकाकांच्या दुकानात गेले, आईच्या बचत गटाच्या अध्यक्षीणबाईंना गेले. एकदा रात्री साडेनऊला आला. शेवटी आमच्या अर्थशास्त्राच्या सरांना मी स्टाफरूमबाहेर गाठले आणि एका दमात सगळे सांगून टाकले. सरांनी मला दापोलीच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे जायला सांगितले. तिथे कमी उत्पन्नाच्या माणसांना आणि कोणत्याही स्त्रीला वकिलाचा सल्ला फुकट मिळतो, हे मला माहीत नव्हते. आमच्या वाडीत तर कुणालाच नव्हते.

तिथल्या वकीलबाईंनी बाबांना आधी पाणी दिले. मग एकेक प्रश्न विचारला. बाबा त्यांच्यापुढे खुर्चीच्या कडेवर बसले होते, गुन्हेगारासारखे. बाईंनी सांगितले ते मी वहीत उतरवून घेतले. खासगी बँकेच्या थकलेल्या कार्डासाठी इंटरपोल कुणाच्या दारात येत नाही. फोनवरचा माणूस घर जप्त करू शकत नाही. मात्र तिकडचे कर्ज इकडे आल्याने पुसले जाते, असेही समजू नका. जानेवारी २०२० मध्ये भारत सरकारने संयुक्त अरब अमिरातीला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ४४अ कलमाखाली आणले आहे. म्हणजे तिथल्या ठरावीक न्यायालयांचा पैशाचा हुकूमनामा आपल्या जिल्हा न्यायालयात अमलात आणता येतो. पण त्यासाठी आधी हुकूमनामा हवा, त्याची प्रमाणित प्रत हवी, आणि तुम्हांला बाजू मांडायची संधी मिळाली नसेल तर ते इथे सांगता येते. "त्याने असा हुकूमनामा दाखवला का?" नाही. "मग तूर्त त्याच्याकडे फक्त फोन आहे," बाई म्हणाल्या.

बाबांना खरी धास्ती त्या कोऱ्या चेकची होती. चेक परत गेला की तिकडे तुरुंग, हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिलेले. तो कायदा २ जानेवारी २०२२ पासून बदलला. खात्यात पैसे नाहीत एवढ्याच कारणाने चेक परत गेला तर तो आता फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. फसवणुकीची गोष्ट वेगळी. बँक वसुलीसाठी त्या चेकवरून सरळ दिवाणी अंमलबजावणीला जाऊ शकते. म्हणजे बाबा ज्या भीतीने २०२३ चा व्हिसा सोडून घरी बसले, तिच्यातला मोठा भाग वर्षभर आधीच गेला होता! त्यांना कोण सांगणार? आम्ही तर त्यांना विचारलेही नव्हते. अर्थात पुन्हा तिकडे जाण्यापूर्वी नावावर काही केस आहे का, प्रवासबंदी आहे का, हे तपासूनच जा, असे बाईंनी बजावले.

निघताना बाबांनी विचारले, "बाई, मग देऊ की नको?"

"देणे खोटे नाही. धमकी खोटी आहे," त्या म्हणाल्या. "त्या माणसाच्या खात्यात एक रुपया टाकू नका. बँकेला लिहा."

म्हणून मी बँकेला लिहिले. माझ्या आयुष्यातले पहिले इंग्रजी पत्र, जे मार्कांसाठी नव्हते. इंग्रजीच्या मॅडमनी दोन ठिकाणी दुरुस्त केले. हिशेबाचा उतारा पाठवा, वसुलीचे काम तुम्ही कुणाला दिले आहे ते लेखी कळवा, तडजोडीची रक्कम सांगा, पैसे फिटल्यावर काही बाकी नसल्याचा दाखला आणि तो चेक परत द्या. एकोणीस दिवसांनी उत्तर आले. मुद्दल अकरा हजार चारशे. फोनवाल्याचे एकतालीस हजार त्या उताऱ्यात कुठेच नव्हते. मी शेकडा तीनने चक्रवाढ धरून पाहिले तर रक्कम त्रेसष्ट हजारांवर जाते, आणि साध्या व्याजाने एकतीस हजारांवर. एकतालीस हा आकडा त्याने कुठल्या वहीतून काढला, देव जाणे! बँक शेवटी तीन हप्त्यांत साडेतेरा हजारांवर तयार झाली.

खरा तंटा त्यानंतर झाला, तो घरात. आईचे म्हणणे सरळ होते. "बँक त्या देशात, आपण या देशात. कोर्टाचा कागद आला तर बघू. कंपनीने आपले बुडवले ते कोण देतो?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. कंपनीकडून येणे असलेले पैसे बुडतात तेव्हा कुणालाही फोन जात नाही. मी तर आईच्याच बाजूची होते, कारण पैसे कुठून येणार ते मला दिसत होते. माझ्या एम.ए.साठी म्हणून बाबांनी टाकलेली साठ हजारांची ठेव.

बाबा आईशी वाद घालत नाहीत. ते वर बघून एवढेच म्हणाले, "रोज निजताना दिसतात ना गो हे पत्रे."

मी "मोडा ठेव" असे म्हटले. मोठ्या मनाने म्हटले असे कुणी समजू नये. म्हटले, आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाही. उरलेल्यांपैकी काही बाबांच्या दुरुस्तीच्या कामाचे, काही आईने बचत गटातून उचलले. गटाचे व्याज शेकडा दोन. आईच ते सांगून हसली.

नोव्हेंबरात पहिला हप्ता गेला, साडेचार हजार दिरहम, आमचे एक लाख आठ हजार. परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म आमच्या शाखेतल्या क्लार्कने बहुधा पहिल्यांदाच भरला असावा. तीन फेऱ्या झाल्या. पोच आली तिची प्रत काढून मी देवघरामागच्या पिशवीत ठेवली आहे. फोन अजून अधूनमधून येतो. आता तो बाबा स्वतः उचलतात आणि मी लिहून दिलेले वाक्य सावकाश वाचून दाखवतात.

त्या रात्री अवकाळी पाऊस आला. पत्र्यावर तो असा वाजतो, की घरात एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही. आईने स्वयंपाकघरातून ओरडून काहीतरी सांगितले. मला काही कळले नाही, म्हणून मी आत गेले.

"म्हटलं, आठ पत्रे आपले झाले," ती म्हणाली. "पडवीवरचे."