चार दिवसांची शाळा कुणाला परवडते?



कळंब तालुक्यातल्या एका वस्तीवर कामानिमित्त माझं जाणं असतं. तिथं चार वर्ग आणि एकच गुरुजी. ते बैठकीला किंवा मतदार यादीच्या कामाला गेले की शाळेला कुलूप. परवा एक पालक म्हणाले, "सर, शाळा चारच दिवस ठेवा, पण ते चार दिवस तरी नीट भरू द्या."

मी क्षणभर मान हलवली. घरी येताना स्वतःचीच लाज वाटली.

मी ऊसतोड कामगाराचा मुलगा. दिवाळी झाली की आई-बाबा कारखान्यावर, मी आजीजवळ. घरात वाचता येणारं कुणी नव्हतं. ज्या दिवशी शाळा नाही, त्या दिवशी माझ्या डोळ्यांपुढं अक्षर नाही आणि ताटात खिचडीही नाही. सुट्टीचा दिवस साहेबाच्या पोराला शिकवणीचा, आपल्या पोराला शेळ्यांमागचा.

हा डाव जुना आहे. 1953 मध्ये मद्रास राज्यात राजाजींनी खेड्यांतली प्राथमिक शाळा रोज तीन तासांवर आणली. त्याच शिक्षकांनी दोन पाळ्या घ्यायच्या आणि उरलेल्या वेळात मुलांनी बापाचा धंदा शिकायचा. पेरियारांनी यातली जात ओळखली. आंदोलन पेटलं, आणि 1954 मध्ये कामराज यांनी ती योजना रद्द केली. म्हणजे शिक्षक कमी आहेत ही अडचण, पण तास कुणाचे कापायचे हे ठरवते जात.

बाबासाहेबांनी 1927 मध्ये मुंबई विधिमंडळात हिशेब मांडला होता : शाळेत शिरलेल्या 100 मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त 18 पोचतात, बाकीची पुन्हा निरक्षर होतात. शाळेचा दिवस कमी करणं म्हणजे त्या 82 मध्ये भर घालणं.

शिक्षण हक्क कायदा, 2009 काय सांगतो? पट 60 पर्यंत असला तरी दोन शिक्षक. पहिली ते पाचवीला वर्षात किमान 200 दिवस आणि 800 तास. ही मेहरबानी नाही, हक्क आहे.

त्या पालकांचं चुकलं नाही. पूर्ण शाळा मागता येते, हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते काम आपलं. गावातल्या शाळा व्यवस्थापन समितीत जा, शाळा बंद राहिलेले दिवस तारखेनिशी वहीत लिहा आणि ती वही घेऊन ग्रामसभेत उभे राहा. मागणी एकच : दिवस कापू नका, दुसरा शिक्षक द्या.

मी त्या वस्तीवर पुन्हा जाणार आहे. या वेळी वही घेऊन.